मे महिना धरून आखलेला लूप

जळगावात कोणाशीही काँप्युटरच्या कस्टम वॉटर कूलिंगचा, म्हणजे आतले तापणारे भाग नळ्यांतून फिरणाऱ्या पाण्याने गार ठेवायचा विषय काढला की समोरचा हमखास विचारतो, "मग एकदम थंडगार राहतं का?" नाही राहत. पंप, रेडिएटर, पंखे यांत कितीही पैसे ओतले तरी लूपमधलं, म्हणजे त्या गोल फिरणाऱ्या बंद नळ्यांमधलं पाणी आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड होत नाही. खोली ३८ अंशांवर असेल तर पाणी ३८च्या वरच राहणार. किती वर, एवढंच काय ते आपल्या हातात. ज्यांच्या खोलीत एसी २४वर लावलेला असतो त्यांना याची झळ लागत नाही. त्यांचं पाणी ३४-३५वर जाऊन थांबतं आणि सगळं सुरळीत चालतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश हे नवल नाही, आणि माझी कामाची खोली वरच्या मजल्यावर, थेट गच्चीच्या स्लॅबखाली. रात्री दहालासुद्धा वरून धग येत असते. म्हणून सुट्या भागांची यादी करायच्या आधी मी थर्मामीटर आणले.

काम सांगतो. आर्किटेक्ट आणि बिल्डर लोकांना थ्रीडी वॉकथ्रू करून देणं हा माझा धंदा. दिवसा मॉडेलिंग, रात्रभर रेंडर, म्हणजे मशीनने त्या मॉडेलची पक्की चित्रं तयार करणं. मशीनमध्ये रायझेन ७ ५८००एक्स प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०८० ग्राफिक्स कार्ड आहे. हिवाळ्यात दोघंही गुण्यागोविंदाने नांदतात. एप्रिल उजाडला की कार्डाचे पंखे किंचाळायला लागतात, तापल्यावर कार्ड स्वतःहून वेग उतरवतं, आणि सकाळी सातला संपणारं रेंडर साडेआठपर्यंत रेंगाळतं. निव्वळ व्यवहार बघितला तर या दुखण्यावर स्वस्त औषधं होती: कॅबिनेटला चांगले पंखे, प्रोसेसरला मोठा टॉवर कूलर, कार्डाची पॉवर लिमिट थोडी खाली. कोणी मला विचारलं तर मी आजही आधी हेच करायला सांगेन. पण बऱ्याच वर्षांपासून डोक्यात किडा वळवळत होता, आणि शौकाला हिशोब लावायचा नसतो असं आमच्याकडे सोन्याच्या दुकानात उभं राहूनसुद्धा म्हणतात.

तर थर्मामीटर. स्वस्तातले डिजिटल, वायरला सेन्सर असलेले, गोलाणी मार्केटात सहज मिळतात. खोलीत चार ठिकाणी लावले: खोली गार करणाऱ्या पाण्याच्या कूलरच्या तोंडाशी, टेबलावर, कॅबिनेटच्या मागे भिंतीलगत, आणि कूलरच्या समोरच्या, हवा बाहेर जाते त्या खिडकीत. दुपारी बाहेर ४३ होतं तेव्हा कूलरच्या तोंडाशी २९, टेबलावर ३२, खिडकीत ३३ आणि कॅबिनेटच्या मागे ३७. एकाच खोलीत आठ अंशांचा फरक! कॅबिनेट ज्या कोपऱ्यात होतं तिथे हवा फिरतच नव्हती. मशीन स्वतःचीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढत होतं. पुढचं सगळं नियोजन या चार आकड्यांवर उभं राहिलं.

मग वॅटचा हिशोब. ५८००एक्सवर डबीवर १०५ वॅट लिहिलेलं असलं तरी तो भरात आला की १४२ वॅटपर्यंत खेचतो. कार्ड ३२० वॅट. दोघांचे मिळून ४६२, पंपाचे थोडे वर. एवढी उष्णता सतत कुठेतरी टाकायची आहे. ढोबळ अंदाज असा धरतात की १२० मिलिमीटरच्या एका पंख्याएवढा रेडिएटर, पंखा मध्यम वेगात असताना, पाणी हवेपेक्षा साधारण दहा अंश वर ठेवून शंभर वॅटच्या आसपास बाहेर टाकतो. म्हणजे पाच पंख्यांचा रेडिएटर लागणार. मी सहा धरले, म्हणजे तीन-तीन पंख्यांचे, ३६० मिलिमीटरचे दोन. थंड हवेच्या गावी चारात भागेल, कारण पाणी हवेपेक्षा पंधरा अंश वर गेलं तरी तिथे चाळीसच होतं. आपल्याकडे पंधरा अंश वर म्हणजे ५३. लूपसाठी धरलेल्या डी५ पंपाची मर्यादा ६० अंशांची, आणि बहुतेक कंपन्या पाणी त्याच्या आतच ठेवा म्हणून सांगतात. मला पन्नाशीच्या आत राहायचं होतं, तेही कूलर बंद असताना.

प्रोसेसरबद्दल एक गोष्ट नियोजनातच मान्य करून टाकावी लागते. ५८००एक्सचे आठही कोर ज्या तुकड्यात आहेत त्याचं क्षेत्रफळ सुमारे ८० चौरस मिलिमीटर, करंगळीच्या नखाएवढंसुद्धा धड नाही. त्यातून १४२ वॅट बाहेर काढायचे तर उष्णता त्या नखातून ब्लॉकपर्यंत, म्हणजे चिपवर बसवलेल्या, आतून पाणी फिरणाऱ्या धातूच्या ठोकळ्यापर्यंत पोचतानाच अडते. पाणी कितीही चांगलं फिरवा, प्रोसेसर पाण्यापेक्षा ३०-३५ अंश वर राहतोच. त्याची कमाल मर्यादा ९०. पाणी ५० झालं तर ८५. जमतं, पण जेमतेम. उलट ग्राफिक्स कार्डाची चिप भलीमोठी पसरलेली, त्यामुळे चांगल्या ब्लॉकखाली ती पाण्यापेक्षा १२-१५ अंशच वर राहते. वॉटर कूलिंगचा खरा फायदा कार्डाला होतो. नवखे लोक फक्त प्रोसेसरचा ब्लॉक घेऊन कार्ड तसंच हवेवर सोडतात, त्यात मला काही हशील दिसत नाही.

याच सुमारास सल्लागारांची रांग लागली. एका मित्राने सुचवलं, "एवढे रेडिएटर कशाला? वीस लिटरचा पाण्याचा जार ठेव, त्यातून फिरव." कागदावर मांडून दाखवलं त्याला. एक किलो पाणी एक अंशाने तापायला ४१८६ ज्यूल लागतात. वीस लिटरला ८३,७२० ज्यूल. आपण दर सेकंदाला ४६० ज्यूल ओतणार. म्हणजे दर तीन मिनिटांना एक अंश. तीस अंशांचं पाणी तासाभरात पन्नासवर, आणि माझं रेंडर आठ तास चालतं. पाणी उष्णता खात नाही, ती नुसती उचलून नेतं; टाकायची जागा रेडिएटरच. त्याला पटलं, पण तो म्हणाला, "मग जारात बर्फ टाक." असो.

दुसरी सूचना जास्त गंभीर होती आणि मी तिच्यावर बराच वेळ घालवला: कूलरच्या टाकीतलं पाणी वापरायचं. कल्पना चुकीची नाही. हवेपेक्षा थंड व्हायचा एकच सोपा मार्ग आहे, तो म्हणजे बाष्पीभवन. भुसावळजवळ दीपनगरच्या औष्णिक केंद्राचे ते अवाढव्य कूलिंग टॉवर तेच करतात. थोडं पाणी वाफ होऊन जातं आणि उरलेलं थंड होतं. आपला कोरडा उन्हाळा तर याला फारच सोयीचा. हवा ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओल्या फडक्याने झाकलेला थर्मामीटर २२च्या आसपास दाखवतो. कूलरची टाकी सावलीत असेल तर तिचं पाणी त्या आकड्याच्या दिशेने सरकतं. ४३च्या हवेत २५ अंशांचं पाणी फुकट! अर्थात ते पाणी थेट ब्लॉकमध्ये सोडायचं नाही. मध्ये प्लेट हीट एक्स्चेंजर बसवायचा, एका बाजूला लूप, दुसऱ्या बाजूला टाकी, दोन पाण्यांची भेटच नाही.

दव धरेल ही भीती सगळे घालतात. मी ती तपासून पाहिली. हवेचा दवबिंदू त्या ओल्या थर्मामीटरच्या आकड्यापेक्षा खालीच असतो, आणि कूलर हवा ओली करतो तेव्हा तो दवबिंदू वर चढतो खरा, पण ओल्या थर्मामीटरचा आकडा ओलांडत नाही. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये कूलरच्या पाण्याने नळीवर दव धरणार नाही. गडबड जूनमध्ये आहे. एक वळवाचा पाऊस पडला की हिशोबच बदलतो, आणि नंतर चार महिने कूलर निरुपयोगी.

पण कल्पना सोडून दिली ती दवासाठी नव्हे, कूलरच्या गवतासाठी. ज्यांच्याकडे बोअरचं पाणी कूलरला वापरतात त्यांनी मे अखेरीला ते गवत आठवावं. जाळी उघडली की कडांना पांढरा, खडूसारखा थर, बोटाने दाबला तर कटकन मोडतो. खालच्या बाजूला हिरवट चिकट शेवाळ. आणि पाणी सोडणाऱ्या नळीच्या निम्म्या भोकांना क्षाराची बुचं. आमच्या बोअरचं पाणी टीडीएस मीटरवर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरवर, आठशेच्या वर जातं. त्यातलं पाणी तेवढं उडून जातं, क्षार टाकीतच साठत जातात. हे असलं पाणी हीट एक्स्चेंजरच्या दीड-दोन मिलिमीटरच्या फटींतून फिरवलं तर एका मोसमात बंद. दर पंधरवड्याला खोलून साफ करायची माझी तयारी नव्हती.

टाकीचं पाणी सोडलं, पण कूलरची हवा नाही. इथे ती चार थर्मामीटरवाली नोंद कामी आली. आपल्याकडे लहान पोराला पण ठाऊक असतं की कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवायची, नाहीतर खोली दमट होते. म्हणजे दिवसभर ताजी, थंड केलेली हवा एका बाजूने आत येते आणि समोरच्या खिडकीतून निघून जाते. ती जाणारी हवा ३३ अंशांची. बाहेरच्या ४३च्या मानाने सोनंच, आणि आपण ती रस्त्यावर फेकत असतो. रेडिएटर त्याच खिडकीत लावले तर? त्यांना ३३ची हवा मिळेल आणि ४६० वॅट उष्णता खोलीत न राहता परस्पर बाहेर जाईल. कूलरच्या तोंडाशी २९ मिळाले असते, पण तिथे हवेबरोबर बारीक तुषार येतात, क्षारासकट. ते पंख्याच्या मोटारीवर आणि रेडिएटरच्या पात्यांवर बसणार. शिवाय तिथे तापवलेली हवा माझ्याच अंगावर येणार.

म्हणजे रेडिएटर कॅबिनेटमध्ये नाहीतच. एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरकडून खिडकीच्या मापाचा अँगलचा स्टँड करून घ्यायचा, त्यावर दोन ३६० शेजारी शेजारी, सहा पंखे हवा बाहेर ढकलणारे, बाहेरच्या बाजूला जाळी, वर छज्जा आहेच. कॅबिनेटपासून स्टँडपर्यंत अडीच मीटरच्या दोन नळ्या, आणि दोन्हींत क्विक डिसकनेक्ट, म्हणजे खिडकी धुवायची झाली तर पाणी न काढता स्टँड सुटा करता येईल. बायकोची एकच अट होती, खिडकी बंद होता आली पाहिजे. तिचं बरोबर होतं; पावसाळ्यात तिरका पाऊस आत येतो. म्हणून स्टँड बिजागरीवर घेतला, आत वळवला की तावदान लागतं.

आराखडा कागदावर काढून पलंगावर पसरला होता, तेव्हा चोपडा तालुक्यातले मामा आले होते. केळीवाले, ठिबक, फिल्टर, व्हेंचुरी यांत आयुष्य गेलेलं. कागद उलटसुलट करून म्हणाले, "हाई काय शे रे भो? ठिबकनं काम शे का?" मी काय आहे ते सांगितलं आणि पुढचा तास त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. पंप खाली, रेडिएटर वर, मग हेड किती, म्हणजे पाणी किती उंच चढवायचं? मी म्हटलं, मामा, हा बंद लूप आहे, जेवढं पाणी वर चढतं तेवढंच खाली उतरतं, उंचीचा हिशोब फिटतो. पंपाला फक्त घर्षण भारी पडतं. त्यांनी क्षणभर विचार केला. "चालू झाल्यावर. भरताना काय?" आणि ते खरंच होतं. भरताना नळीत हवा असते, तेव्हा पंपाला पाणी स्वतःच्या जोरावर वर न्यावं लागतं. माझी खिडकी कॅबिनेटपेक्षा मीटरभर वर. डी५ पंप तेवढं सहज चढवतो, पण त्याआधी पंपात पाणी असायलाच हवं, तो कोरडा फिरवला तर खराब होतो. म्हणून रिझर्व्हॉयर, म्हणजे लूपच्या पाण्याची छोटी टाकी, पंपाच्या डोक्यावर, हा एक नियम पाळावाच लागतो. बाकी कोणत्या भागानंतर कोणता भाग यावा यावर लोक उगाच भांडतात. मिनिटाला तीन लिटर पाणी फिरत असेल तर ४६० वॅटने ते सगळं चक्कर मारूनसुद्धा सव्वादोन अंशच तापतं. आधी कार्ड घ्या की प्रोसेसर, नळ्या सोयीच्या पडतील तसं.

मामांचे पुढचे दोन प्रश्न थेट आराखड्यात शिरले. हवा कुठून काढणार? शेतात मेन लाइनच्या सगळ्यात उंच जागी एअर व्हॉल्व्ह बसवतात, नाहीतर तिथे हवा अडकून बसते. माझ्या लूपमध्ये सगळ्यात उंच जागा कॅबिनेटमध्ये नव्हती, खिडकीतल्या रेडिएटरच्या वरच्या टोकाला होती, आणि तिथे मी काहीच ठेवलं नव्हतं. बहुतेक रेडिएटरना वर एक जादा भोक बुचासकट येतं. तेच वरच्या बाजूला येईल असा रेडिएटर उलटवून लावायचं ठरलं. दुसरा प्रश्न: शेवटी फ्लश कुठे? ठिबकच्या लॅटरल नळीच्या टोकाची एंड कॅप उघडून गाळ सोडतात तसं. सगळ्यात खालच्या बिंदूला टी आणि बॉल व्हॉल्व्ह मी आधीच काढला होता. तो पाहून मामा खूश झाले आणि म्हणाले, वर्षातून एकदा थोडं ॲसिड सोडत जा. ते मात्र नको म्हटलं. ठिबकला क्षारासाठी ॲसिड देतात, इथे तांब्यावर निकेलचा पातळ मुलामा आहे, तो जाईल. आणि डिस्टिल्ड पाण्यात क्षार येणार कुठून?

धातूंचा मुद्दा त्यातूनच निघाला. लूपमध्ये तांबं, पितळ, निकेल एकत्र चालतात. ॲल्युमिनियम आलं की गंज सुरू होतो, कारण पाण्यात दोन वेगळे धातू जोडले की त्यातला कमकुवत धातू झिजत जातो. यावर मी जरा कडक आहे. स्वस्त रेडिएटरवर नुसतं "मेटल" लिहिलेलं असतं, ते घेऊच नये.

पण स्वस्ताचा मोह मलाही होताच. दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला, जेव्हा काँप्युटरचे रेडिएटर असे तयार मिळत नव्हते, तेव्हा हौशी लोक गाड्यांच्या हीटरमधलं छोटं रेडिएटर काढून वापरायचे. मग मी अजिंठा चौफुलीच्या बाजूला एका रेडिएटर दुरुस्तीवाल्या चाचांकडे गेलो. हल्लीच्या गाड्यांमध्ये सगळं ॲल्युमिनियम आणि प्लास्टिक, पण त्यांच्याकडे जुन्या ट्रॅक्टरचे तांब्या-पितळेचे दोन-तीन पडलेले होते. माल मजबूत, पात्या विरळ, म्हणजे धूळ अडकणार नाही. अडचण जोडणीची. काँप्युटरच्या सगळ्या फिटिंगना जी १/४ इंचाचा आटा असतो. त्याला पितळी बुशिंग करून झाळावं लागलं असतं, आणि आतून वर्षानुवर्षांचा गंज आणि झाळकामाचा फ्लक्स. ब्लॉकमधल्या चरी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतात, एक कण पुरतो. सोडून दिलं. पण तिथे जे पाहिलं ते कामाचं होतं. चाचांनी एका रेडिएटरची एक बाजू रबरी बुचाने बंद केली, दुसरीकडून हवेची नळी लावली आणि तो पाण्याच्या हौदात बुडवला. बराच वेळ काही नाही. मग एका कोपऱ्यातून मोहरीएवढा बुडबुडा निघाला, थांबला, पुन्हा निघाला. खडूने तिथे खूण केली. मी माझं काम सांगितल्यावर म्हणाले, "पाणी भरून गळती शोधू नको भाऊ, हवेने शोध. आणि हवा मारायची तर हळू मार, या पातळ मालाला जोर सोसत नाही."

काँप्युटरवाले हेच अर्ध्या बार दाबावर करतात: लूप जोडून झाला की रिकाम्या लूपमध्ये हवा भरायची आणि काटा पडतो का ते पाहायचं. मी सायकलच्या पंपाला गेज लावून जुगाड केला. विकतचा टेस्टर वेगळा घ्यायची गरज नाही.

नळी निवडायला वेळ लागला नाही. त्या चकचकीत, काटकोनात वाकवलेल्या कडक नळ्या दिसायला झकास असतात, पण पीईटीजी प्लास्टिकची नळी ६० अंशांच्या आसपास नरम पडू लागते आणि फिटिंगमधून सरकू शकते. ज्याचं पाणी मुळातच ४५ला असतं त्याने हा खेळ खेळू नये. ॲक्रिलिक टिकतं, पण अडीच मीटर अंतर आणि फिरता स्टँड म्हटल्यावर कडक नळीचा प्रश्नच नव्हता. पारदर्शक पीव्हीसीतून प्लास्टिक मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू पाण्यात उतरतं आणि ब्लॉकमध्ये पांढरट साय धरते; उष्णतेत हे लवकर होतं. राहिली काळी ईपीडीएम रबरी नळी, आतून १०, बाहेरून १६ मिलिमीटर. रूपाला बेताची, पण वाकवली तरी सहज दुमडत नाही आणि पाण्यात काही सोडत नाही.

पाण्यात रंग नको हेही तेव्हाच ठरलं. दुधाळ रंगाच्या द्रवांत बारीक कण तरंगत असतात, ते कुठे ना कुठे बसतात. साधं गंजरोधक आणि जंतुनाशक असलेलं कॉन्सन्ट्रेट, आणि डिस्टिल्ड वॉटर. बॅटरीवाल्याकडचे कॅन घेताना टीडीएस मीटर खिशात ठेवला होता. एका दुकानातलं पाणी ३० दाखवत होतं, लेबल मात्र डिस्टिल्डचंच. दुसरीकडे शून्य मिळालं. आरओचं पाणी चालेल का असं बरेच जण विचारतात. नाही, त्यात क्षार उरतात.

सगळ्यात डोकेदुखी कार्डाच्या ब्लॉकची. ३०८० नावाची कार्डं डझनावारी आहेत आणि प्रत्येक कंपनीचा सर्किट बोर्ड वेगळा. कधी एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांतही कपॅसिटर इकडचे तिकडे. एका विक्रेत्याने फोनवर बिनधास्त "बसेल" सांगितलं. मी कार्डाचं मागचं आवरण काढून बोर्डाचा आवृत्ती क्रमांक आणि फोटो पाठवला, तेव्हा "नाही बसणार" असं उत्तर आलं. कार्ड खोलल्यावर वॉरंटीचं काय, हा प्रश्न माझ्यापुरता निकालात होता, ती संपलेली होती. तुमची चालू असेल तर आधी कंपनीला विचारा. ब्लॉकसोबत थर्मल पॅड, म्हणजे उष्णता पोचवणाऱ्या मऊ पट्ट्या येतात, त्यांची जाडी सांगितल्याप्रमाणेच लावायची. जाड पॅड लावला तर ब्लॉक चिपवर टेकतच नाही.

जळगावात यातलं काहीच मिळत नाही. ब्लॉक चिनी, रेडिएटर जर्मन, पंप आणि फिटिंग मुंबईहून. फिटिंगचा आकडा कोणीही कमी धरतो. प्रत्येक नळीला दोन टोकं, क्विक डिसकनेक्टच्या प्रत्येक जोडीला आणखी दोन, वर काटकोनी फिरत्या फिटिंग, टी, व्हॉल्व्ह, बुचं. मी आराखड्यावर प्रत्येक फिटिंगला लाल पेनने टिंब दिलं आणि टिंबं मोजून ऑर्डर दिली, वर दोन जादा. एका फिटिंगसाठी मुंबईच्या कुरिअरची वाट बघत अर्धा लूप पडून राहणं परवडत नाही. एकूण खर्च पन्नास हजारांच्या पुढे गेला, आणि त्यातला डोळ्यांत भरणारा हिस्सा या पितळी तुकड्यांचा होता.

जोडणीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. थंडीत, कामं कमी असताना केली. दोन्ही रेडिएटर गरम डिस्टिल्ड पाण्याने खळखळून धुतले, तर एकातून करड्या रंगाचं पाणी आणि फ्लक्सचे बारीक कण निघाले. स्वच्छ पाणी येईपर्यंत धूत राहिलो. हवेची चाचणी रात्रभर ठेवली. पाणी भरताना मदरबोर्ड आणि कार्डाची वीज काढून ठेवली, पॉवर सप्लायच्या चोवीस पिनांच्या कनेक्टरची हिरवी आणि काळी पिन तारेने जोडून फक्त पंप चालवला. रेडिएटरचं वरचं बूच ढिलं केलं की फुसकन हवा यायची, मामांची आठवण व्हायची. रिझर्व्हॉयरमध्ये वर दोन बोटं मोकळी सोडली, तापल्यावर पाणी प्रसरण पावतं त्यासाठी. पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या तापमानावर न ठेवता पाण्यातल्या सेन्सरवर ठेवला, नाहीतर एखादी फाइल उघडली तरी सहा पंखे दचकून उठतात.

एप्रिल अखेरचे आकडे असे आहेत. बाहेर ४२, कूलर चालू, खिडकीतली हवा ३२. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही पूर्ण भारावर दोन तास चालवल्यावर पाणी ४१ला स्थिरावलं, कार्ड ५४, प्रोसेसर ७६. कूलर बंद करून खोली ३७वर जाऊ दिली तेव्हा पाणी ४६, कार्ड ५९, प्रोसेसर ८१. पंखे मिनिटाला हजार फेऱ्यांच्या आसपास फिरत होते, म्हणजे शेजारी बसून फोनवर बोलता येतं. मागच्या उन्हाळ्यात हेच कार्ड ८०च्या वर जाऊन वेग सोडत होतं. कुतूहल म्हणून स्टँड आत वळवून, खिडकी लावून तेच रेंडर चालवलं. खोली तासाभरात तीन अंशांनी चढली आणि तिच्यामागोमाग पाणीही. हा फरक रेडिएटरचा नाही, उघड्या खिडकीचा आहे.

भरउन्हाळ्यासाठी प्रोसेसरची मर्यादा १४२वरून १२० वॅटवर आणली आहे. रेंडर तसंही कार्डावर चालतं, वेळेत ढिम्म फरक पडला नाही. धूळ मात्र अंदाजापेक्षा जास्त बसते. हवा आतून बाहेर जात असली तरी खोलीतली धूळ आणि कूलरच्या गवताचे तुसे रेडिएटरच्या आतल्या तोंडावर साचतात. दर रविवारी रंगाच्या मऊ ब्रशने झाडतो. पुढच्या वेळी पात्या याहून विरळ असलेला रेडिएटर बघेन, आणि पंख्यांच्या आधी मच्छरदाणीच्या कापडाची एक चौकट बसवायची आहे; माप घेऊन फॅब्रिकेटरला दिलंय, लगीनसराई आटोपली की करून देतो म्हणालाय.